पागेतले पहिले तीन महिने : घोडेस्वारी क्लबमध्ये स्वयंसेवक म्हणून काम आणि शिक्षण

स्वारीचा तास असतो तीस ते पंचेचाळीस मिनिटांचा. दिवसाच्या उरलेल्या वेळात घोडा खातो, पाणी पितो, माश्या हाकलतो, लीद टाकतो आणि ठाणात, म्हणजे तबेल्यातल्या आपल्या खणात, उभा राहतो. नुसत्या तासाची फी भरणाऱ्याला हे काही दिसत नाही. घोड्यांचं ज्ञान हवं असेल तर पहाटे तबेल्यात जाऊन हात घाण करण्यासारखा दुसरा मार्ग नाही, आणि तो बहुतेक वेळा फुकट असतो.

आपल्याकडे ‘स्वयंसेवक पाहिजेत’ अशी पाटी लावलेला क्लब विरळाच. मुंबईत महालक्ष्मीला १९४२ पासूनचा अमॅच्युअर रायडर्स क्लब असो की पुणे-नाशिककडची एखादी लहान रायडिंग स्कूल, आपणच जाऊन विचारायचं असतं. विचारण्याची चांगली वेळ म्हणजे स्पर्धेच्या आधीचे तीन-चार आठवडे. तेव्हा माणसं कमी पडतात आणि ‘या’ असं लवकर म्हटलं जातं.

क्लब पारखताना

वेबसाइटवरच्या फोटोंवर जाऊ नका. सकाळी सहाला तबेल्यात अर्धा तास उभे राहा. पाण्याच्या बादल्या आतून हिरव्या-बुळबुळीत आहेत का? तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, बसतो तिथे, पुढच्या पायांच्या मागे, केस घासून गेलेत किंवा जखमा आहेत का? मानेच्या बुडाशी पाठीचा जो उंचवटा असतो, तिथे पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर ते जुन्या खोगिराच्या जखमेचे डाग समजा. एका घोड्यावर असतील तर तो तसाच विकत घेतला असेल. पाच घोड्यांवर असतील तर क्लबची खोगिरं बरोबर बसत नाहीत. शेवटी सईस (घोड्यांची निगा राखणारा कामगार) ठाणात शिरतो तेव्हा घोडा काय करतो ते बघा. कान पुढे करून तोंड वळवतो की कान मागे पाडून कोपऱ्यात सरकतो? क्लब कसा आहे ते यात निम्मं कळतं.

मग तीन प्रश्न विचारा. एक घोडा दिवसात किती तास चालतो आणि आठवड्यात त्याला सुट्टी कधी? रात्री-अपरात्री कोणते पशुवैद्य येतात? स्वयंसेवकाला अपघात झाला तर खर्च कोणाचा? शेवटच्या प्रश्नावर ‘असं काही होत नाही’ हे उत्तर मिळालं तर पुढचा क्लब पाहा.

देवाणघेवाण कागदावर असावी. उदाहरणार्थ, आठवड्यातून तीन सकाळी अडीच-अडीच तास काम आणि त्या बदल्यात आठवड्याला एक स्वारीचा तास. तोंडी ठरलेला तास ‘आज घोडा थकलाय’ म्हणून पुढे ढकलला जातो, आणि दर वेळी ते खोटं असतं असंही नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचं लेखी संमतिपत्र हवंच.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात घाला. सईस हाच तुमचा पहिला शिक्षक आहे, प्रशिक्षक नंतर. कुठल्या घोड्याला डाव्या कानाला हात लावलेला चालत नाही, हे सईसाला ठाऊक असतं. त्याच्याशी ‘भाऊ’ किंवा ‘चाचा’ म्हणून बोला, त्याची खरारे-ब्रशांची पेटी न विचारता उघडू नका आणि त्याच्या घोड्याबद्दलची तक्रार आधी त्याला सांगा, मालकाला नंतर. पगारी सईस कमी करून त्याच्या जागी फुकटचे स्वयंसेवक वापरणारे क्लबही आहेत. तिथे घोड्यांची आबाळ होते आणि शिकवायला कोणी उरत नाही.

पहिल्या दिवसाआधी

धनुर्वाताची लस घेतलेली असावी. या रोगाचे जंतू घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतात आणि खिळ्याची साधी खरचटही पुरते. पाच-दहा वर्षांत डोस झाला नसेल तर डॉक्टरांना विचारा.

बूट घोट्याच्या वर येणारे, तळ सपाट आणि टाच दीड-दोन सेंटीमीटर उंच. स्पोर्ट्स शूज चालत नाहीत, कारण त्यांचा रुंद, खाचांचा तळ रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, अडकतो आणि टाच नसल्यामुळे अख्खा पाय आरपार जातो. पडलेला स्वार फरफटतो तो याच कारणाने. हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं आणि आत एएसटीएम एफ ११६३, पीएएस ०१५ किंवा व्हीजी १ यांपैकी एखाद्या सुरक्षा-मानकाचा शिक्का हवा. सायकलचं किंवा क्रिकेटचं हेल्मेट वेगळ्या आघातासाठी बनवलेलं असतं. एकदा डोक्यावर जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद करा. अंगठ्या, लोंबते डूल, गळ्यातली ओढणी घरी ठेवा.

जवळ जाणं, धरणं, बांधणं

घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते थेट मागचं आणि नाकाखालचं, कपाळासमोरचं अगदी जवळचं. म्हणून समोरून हात उंचावून नाक कुरवाळायला गेलात तर तो मान झटकतो. डाव्या खांद्याकडून, बोलत-बोलत जा आणि पहिला हात खांद्यावर किंवा मानेवर ठेवा.

बागडोर, म्हणजे घोडा धरून चालवायची दोरी, हातात घेताना घोड्याच्या हनुवटीपासून वीतभर खाली उजव्या हातात धरा आणि उरलेली दोरी आठाच्या आकड्यात दुमडून डाव्या हातात. तळहाताभोवती गुंडाळायची नाही. सांगून-सांगूनही माणसं हेच करतात, कारण गुंडाळल्यावर पकड मजबूत वाटते. घोडा बुजून मागे उडाला की तीच दोरी आवळते आणि बोटं मोडतात. वळवताना घोडा स्वतःपासून दूर, उजवीकडे वळवा, म्हणजे त्याचा पाय तुमच्या पायावर पडत नाही. दारातून आधी तुम्ही आणि मग घोडा. शेजारी-शेजारी घुसलात तर तुम्ही चौकटीला चेपले जाल.

बांधताना सुरगाठ, निरगाठ नव्हे. शिवाय दोरी थेट लोखंडी कडीला न बांधता कडीत सुतळीचा एक फेरा अडकवून त्याला बांधा. घोडा घाबरून मागे ओढू लागला तर सुतळी तुटते. ती तुटली नाही तर म्होरकी (तोंडावरचा पट्टा) तुटेल, नाहीतर मानेला इजा होईल. बांधण्याची उंची त्याच्या छातीच्या वर असावी आणि दोरी हातभरच मोकळी, नाहीतर पुढचा पाय दोरीत अडकतो.

खरारा आणि खूर

पहिले तीन आठवडे मुख्य काम हेच आणि सर्वांत जास्त शिक्षणही इथेच. रबरी खरारा मानेपासून सुरू करून मांसल भागांवर गोल-गोल फिरवा. गुडघ्याखाली आणि चेहऱ्यावर नको, तिथे कातडीखाली थेट हाड असतं. मग कडक ब्रश, मग मऊ ब्रश केसांच्या दिशेने, शेवटी ओलसर फडकं. डोळ्यांसाठी, नाकासाठी आणि शेपटीखाली वेगवेगळी फडकी वापरा. नीट केलं तर पंचवीस-तीस मिनिटं लागतात. दुसऱ्या हाताचा तळवा सतत अंगावर ठेवा. सूज, गरम जागा, गोचीड, तंगाखालचा फोड हे आधी तळव्याला कळतं, मग डोळ्याला.

आता खूर. घोड्याच्या खांद्याला आपला खांदा लावून शेपटीकडे तोंड करून उभे राहा. हात खांद्यावरून सरकवत गुडघ्यामागून खाली, खुराच्या वरच्या सांध्यापर्यंत न्या आणि त्याच वेळी खांद्याने घोड्याला हलकेच पलीकडे ढकला, म्हणजे त्याचा भार दुसऱ्या पायावर जातो. पाय उचलला की खुराचं टोक तळहातात धरा. पाय बाहेरच्या बाजूला ओढू नका. तो फक्त मागे-पुढे दुमडतो आणि बाजूला ओढला की घोड्याला दुखतं. मग ‘हा घोडा पाय देत नाही’ अशी त्याचीच बदनामी होते. खाली कधी मांडी घालून किंवा गुडघे टेकून बसू नका, ओणवे राहा.

तळाच्या मध्यभागी त्रिकोणी, रबरासारखा भाग दिसतो. सईस त्याला पुतळी म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना खोल चरे असतात आणि खडा, लीद, माती तिथेच ठासून बसते. खूर साफ करायची लोखंडी आकडी टाचेकडून टोकाकडे चालवा. उलट चालवली आणि निसटली तर ती पुतळीच्या नाजूक भागात किंवा तुमच्या मनगटात घुसते. चरे साफ झाले की वास घ्या. निरोगी खुराला मातीचा आणि लिदीचा वास येतो. कुजकट वास आणि काळा, पाझरणारा चिखल दिसला तर ती खूरकुज आहे, तबेल्यात तिला ‘थ्रश’ म्हणतात. तिचे जंतू हवा न लागणाऱ्या ओल्या फटीत वाढतात, म्हणून जुलै ते सप्टेंबर हा तिचा हंगाम. औषध नालबंद किंवा पशुवैद्य सांगतील ते. पण ठाण कोरडं ठेवल्याशिवाय आणि दिवसातून दोनदा खूर साफ केल्याशिवाय कुठलंच औषध टिकत नाही.

नाल बघताना खिळ्यांची वळवलेली टोकं खुरावर बोट फिरवून तपासा. ती उठलेली लागली की नाल सैल होतोय. खूर महिन्याला साधारण ६ ते ९ मिलीमीटर वाढतो, म्हणून नालबंदी चार ते सहा आठवड्यांनी लागते. खूर इतर तीन खुरांपेक्षा गरम लागला आणि त्याच्या वरच्या सांध्याच्या मागे नाडी ठळक उडताना जाणवली तर आत पू असू शकतो किंवा खूरदाह (खुराच्या आतली सूज) सुरू झालेला असू शकतो. त्या घोड्यावर त्या दिवशी कोणी बसायचं नाही, आणि हे सांगायचं धाडस तुमच्यात हवं.

चार आकडे पाठ करा

शांत उभ्या घोड्याचं तापमान ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. हिरडी बोटाने दाबून सोडली की गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. नाडी जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला लागते. पंधरा सेकंद मोजून चौपट करा. थर्मामीटर गुदद्वारात घालताना घोड्याच्या पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) बाजूला चिकटून उभे राहा, मागे नाही, आणि त्याला दोरा व कपड्यांचा चिमटा बांधून चिमटा शेपटीला लावा. तो आत ओढला जाऊ शकतो किंवा खाली पडून फुटतो. प्रत्येक घोड्याचे नेहमीचे आकडे आठवडाभर वहीत लिहा. आजारपणात तुलना पुस्तकातल्या आकड्यांशी नव्हे, त्याच्या स्वतःच्या आकड्यांशी करायची असते.

पोटशूळ ओळखता येणं ही स्वयंसेवकाची खरी कमाई. चंदी (धान्याचा खुराक) सोडली, पुढच्या पायाने जमीन उकरतोय, वळून कुशीकडे बघतोय, वरचा ओठ उलटा करतोय, लीद नाही, लोळतोय, ही लक्षणं. चारा लगेच काढून घ्या, नाडी-श्वास लिहा, पशुवैद्यांना फोन करा, शेवटची लीद कधी झाली ते सांगा. जोरात लोळून स्वतःला आपटत असेल तर सईसासोबत संथ चालवा. तासन्‌तास फिरवून दमवू नका. बांबूच्या नळकांड्यातून किंवा बाटलीने तेल पाजायचा जुना उपाय कोणी सुचवला तर अडवा, कारण तेल फुफ्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेली चूक वरून परत येत नाही. वेदनाशामक टोचायचंही नाही. लक्षणं दबली की डॉक्टरला खरं चित्र दिसत नाही.

खाण्याचं गणित सोपं आहे. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा, म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला ७ ते ९ किलो. पाणी २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. चंदी एका वेळी दोन किलोंच्या वर नको, कारण त्याचं जठर लहान असतं. चंदी डब्याने नव्हे, काट्यावर मोजा. डबाभर ओट आणि डबाभर कोंडा यांच्या वजनात दुपटीचा फरक असू शकतो आणि माणूस बदलला की नेमकी इथेच चूक होते. नवीन खाणं सात ते दहा दिवसांत हळूहळू मिसळा. दसऱ्याला घोड्यांना ओवाळायला येणारी मंडळी गूळ-पेढे घेऊन येतात. ताट प्रेमाने घ्या, पूजा होऊ द्या आणि पेढे सईसांमध्ये वाटून टाका.

मुंबईसारख्या दमट किनाऱ्यावर आणखी एक लक्षण ओळखायला शिका. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांना कधी घाम येणंच थांबतं, आणि तबेल्यात त्याला ‘ड्राय कोट’ म्हणतात. काम करून आलाय, नाकपुड्या फुगल्यात, श्वास लागलाय आणि अंग कोरडं. अशा घोड्याला सावलीत घेऊन गार पाण्याचा मारा सुरू ठेवा, पंखा लावा आणि डॉक्टरांना कळवा. कोरडं अंग बघून ‘फार दमला नाही’ असा उलटा अंदाज बांधला जातो, तोच घातक.

खोगीर आणि पाठ

खोगीर किंचित पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवा, म्हणजे खाली केस उलटे दबत नाहीत. तंग तीन टप्प्यांत आवळा. ठाणात दोन बोटं जातील इतका, मैदानात एक भोक आणि स्वार बसल्यावर पुन्हा एकदा. पुष्कळ घोडे तंग लावताना पोट फुगवतात. पहिल्याच झटक्यात करकचून आवळला की घोडा पुढच्या वेळी चावायला शिकतो.

आपल्या क्लबांतले बरेच घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले असतात. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात आणि पुण्याचा पावसाळ्यात, तो संपला की काही घोडे स्वारीच्या शाळांत येतात. त्यांना शिकवलेलं असतं की लगाम ताणला की त्यावर रेलायचं आणि पळायचं. नवखा स्वार घाबरून लगाम ओढतो आणि घोडा वेग वाढवतो. थांबवायचं असेल तर ओढा-सोडा, ओढा-सोडा करत वर्तुळात वळवा. हे पाठीवर बसण्याआधी लांब दोरीवर, साधारण २० मीटर व्यासाच्या वर्तुळात शिका. दोरीवरचे आठ-दहा तास रिकिबीशिवाय झाले की दुडकी चालीत बूड स्थिर होतं. एका वेळी वीस मिनिटं पुरे, सतत वळण्याचा भार घोड्याच्या सांध्यांवर येतो. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवा.

स्पर्धेच्या दिवशी

फुकटातलं उच्च शिक्षण मिळतं ते इथे. उडीच्या मैदानावरचं काम अंगमेहनतीचं आहे, पण त्यातून घोड्याची ढांग, म्हणजे धावतानाचं एक पाऊल, डोळ्यांत बसते. घोड्याची एक ढांग साधारण ३.६५ मीटर, म्हणजे माणसाची ९० सेंटीमीटरची चार पावलं. दोन अडथळ्यांमध्ये एक ढांग बसवायची तर अंतर ७.३ मीटर, म्हणजे आठ पावलं. दोन पावलं उतरण्याची, चार ढांगेची, दोन झेपेची. दोन ढांगांना बारा पावलं, तीन ढांगांना सोळा. घरी टेप पसरून ९ मीटर बरोबर दहा पावलांत चालण्याचा सराव करा. बहुतेकांचं पाऊल आधी पंच्याहत्तर सेंटीमीटरचंच निघतं. अडथळे लहान आणि चाल संथ असेल तर अंतर अर्धा मीटरभर कमी करतात.

दांडा ज्या कपावर टेकतो तो कप खांबाच्या पलीकडच्या, म्हणजे घोडा उतरतो त्या बाजूला हवा. अलीकडे लावला तर दांडा खांबावर अडतो आणि आपटलेला घोडा तोंडावर पडतो. दोन दांड्यांच्या रुंद अडथळ्यात मागच्या दांड्याला सुटणारा सुरक्षा-कप लावायचा आणि मागचा दांडा पुढच्याहून खाली ठेवायचा नाही, कारण तो घोड्याला दिसत नाही. जमिनीवरचा दांडा अडथळ्याच्या अलीकडे किंवा बरोबर खाली. तो पलीकडे सरकला तर घोडा झेप उशिरा घेतो. रिकामे कप खांबावर ठेवू नका, पडणाऱ्या स्वाराला ते कापतात. खांबांच्या पायांशी चुन्याची खूण करून ठेवा, म्हणजे पडलेला अडथळा पुन्हा त्याच जागी उभा राहील. हातभर सरकलेला खांब पुढच्या स्वाराचं अंतर बिघडवतो आणि दोष मात्र त्याच्या खात्यात लागतो.

गुणलेखनही मिळवा. ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करून घेण्याच्या स्पर्धेचं, मैदान २० बाय ४० किंवा २० बाय ६० मीटरचं असतं, पंच एका टोकाला बसून प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण आणि एखादी टिप्पणी बोलतात, तुम्ही लिहिता. एक रकाना चुकला तर तो कोरा सोडून पुढे जा आणि शेवटी विचारा. मागचं आठवत बसलात की पुढचे सगळे गुण एकेक ओळ खाली सरकतात. गप्पा मारायच्या नाहीत, स्वार ओळखीचा असेल तरी. २०२३ मध्ये हांगझोच्या एशियाडमध्ये भारतीय ड्रेसाज संघाने सुवर्ण जिंकलं, त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. तेव्हापासून या प्रकाराकडे नवी मुलं वळताना दिसतात, पण कागद धरून बसायला कोणी मिळत नाही. दिवसभरात वीस-पंचवीस जणांचे गुण लिहिल्यावर सहा आणि सात यांतला फरक कळू लागतो.

ढोल, फटाके, आग

गणपती-दिवाळीच्या रात्री क्लबला खरी माणसं लागतात. मिरवणुकीच्या आठवडाभर आधी ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग बारीक आवाजात लावून, चंदीच्या वेळी, रोज थोडा आवाज वाढवत ऐकवा. फटाक्यांच्या रात्री घोडा ओळखीच्या ठाणात, दिवा चालू, समोर भरपूर चारा. चघळत राहिला की निवळतो. बुजलेल्या घोड्याच्या ठाणात एकट्याने शिरू नका.

चाऱ्याच्या गंजीजवळ पणती, उदबत्ती, मोबाइल चार्जर काहीही नको. आग लागलीच तर दाराजवळचा घोडा आधी काढा, डोळ्यांवर ओला टॉवेल बांधा, बाहेर दूर कुंपणात सोडा आणि कुंपणाचं फाटक लावा. ठाणाचं दारही त्याच्या मागे बंद करा. घाबरलेला घोडा आगीतूनही स्वतःच्या ठाणात परत पळतो. म्हणून ठाणांच्या कड्या एका हाताने, अंधारात उघडतात का ते दिवाळीच्या आधी प्रत्येक दारावर करून बघा आणि अडकणाऱ्या कडीला त्याच दिवशी तेल घाला.